न निघालेल्या सहलीची चिठ्ठी

मी पाच आठवडे ठाण्याकडे राहून आले म्हटल्यावर आमच्या सेलूचे लोक दोनच गोष्टी विचारतात. गर्दी किती असते, आणि समुद्र पाहिला का. गर्दीवर आजवर इतक्या जणांनी लिहून ठेवलंय की मी त्यात भर घालणार नाही, आणि समुद्र मी पाहिलाच नाही. खाडी पाहिली. तिसरं काही कुणी विचारत नाही, म्हणून शेवटी स्वतःच लिहायला बसले.

आधी तिकडे कशाला गेले ते सांगते. दहा वर्षं बालवाडी चालवून झाल्यावर, तेहतिसाव्या वर्षी, मी समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. विषय घेतला युवक आणि वस्तीविकास. आमच्या भावजींनी याला सरळ खूळ म्हटलं. या शिक्षणात शेवटच्या वर्षी परक्या गावच्या एखाद्या संस्थेत जाऊन काम करावं लागतं. तिथल्या मुलामुलींचा एक गट उभा करायचा, रोजची हकिकत वहीत उतरवायची, आणि निघताना तो गट आपल्यावाचून चालेल असा करून यायचं. गट उभा राहिला नाही तर वर्ष गेलं. मला संस्था मिळाली ठाण्याची आणि वस्ती मिळाली डोंबिवलीजवळच्या कोपरची.

कोपर, पहिले दिवस

राहायची सोय संस्थेनेच लावून दिली होती, कोपर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, लेलेकाकूंकडे. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलगा परदेशात, घर आरशासारखं स्वच्छ. दारातच त्यांनी मला अहो-जाहो करून नियम सांगितले. चहा सकाळी साडेसहाला एकदा. जेवणाचं आपलं आपण बघायचं, गॅस आठनंतर तुम्हाला मोकळा. बोलणं इतकं शुद्ध आणि नेमकं की मला माझ्याच मराठीची लाज वाटायला लागली. वाईट म्हणावं असं त्यांच्यात काहीच नव्हतं. त्या त्यांच्या खोलीत जेवायच्या, मी माझ्या.

आमच्याकडे नवीन माणूस गल्लीत शिरलं की संध्याकाळपर्यंत त्याचं गाव, आडनाव आणि पोटाची तक्रार सगळ्यांना पाठ होते. आधी तो प्रकार मला नकोसा वाटायचा. कोपरला तीन दिवस झाले तरी कुणी मला ‘तू कुणाची गं’ म्हणून विचारलं नाही. लिफ्टमध्ये सगळे वर चढत जाणाऱ्या आकड्यांकडे बघतात. मीही बघायला लागले. चौथ्या दिवशी मी मेडिकलमध्ये जाऊन काही होत नसताना सर्दीची गोळी घेतली, का तर दोन शब्द बोलायला मिळतील. दुकानदार म्हणाला, “सुट्टे द्या.” झालं आमचं बोलणं.

घरून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मी पुरवून पुरवून खाल्ली. सहाव्या दिवशी शेवटचा धपाटा खाताना खोलीत बसून रडले. चौतीस वर्षांची घोडी, पण रडले, उगाच खोटं कशाला सांगू.

समाजमंदिर

माझी वस्ती खाडीच्या बाजूला. मूळचं गाव शेती आणि मिठागरांवर जगणाऱ्यांचं. आता मिठागरं गेली, जमिनींवर टॉवर आले, आणि जुन्या घरांच्या मधूनमधून चाळी. गावाचं एक समाजमंदिर आहे, पत्र्याचं छप्पर आणि आत एक लोखंडी कपाट. संस्थेने ते मला संध्याकाळी दोन तास मिळवून दिलं होतं. मी घरोघरी फिरून पंधरा ते अठरा वयाच्या मुलींना सांगून आले, रोज पाचला या, खेळू, बोलू, काही नवीन करू. सगळ्या हो म्हणाल्या. पाचला मी सतरंजी अंथरून बसले. कुणीही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. उंच, किरकोळ, हातात गणिताची वही. म्हणाली, “इथे बसून अभ्यास केला तर चालेल?” ती सोनल. अकरावीला. तिचं बिऱ्हाड वागळे इस्टेटमधल्या चाळीतून उन्हाळ्यात इकडे आलेलं, कारण ती चाळ पाडून तिथे इमारत व्हायची होती. आई अजूनही वागळेलाच एका कारखान्यात पॅकिंगला जायची. सोनल म्हणाली, तिकडे आमची सगळी गँग होती, इकडे मी कुणाला ओळखत नाही. एवढंच बोलून तिने वही उघडली. पुढचे चार दिवस आम्ही दोघी त्या मोठ्या हॉलमध्ये सतरंजीच्या दोन टोकांना बसून राहायचो. ती गणितं सोडवायची, मी वहीत ‘आज उपस्थिती एक’ लिहायची.

बाकीच्या का येत नाहीत हे मला अभ्यासाच्या कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नाही, प्रणालीच्या आईने सांगितलं. प्रणाली गावातल्या जुन्या घरातली, सतरा वर्षांची, गावभर वट असलेली. तिच्या आईने मला ओट्यावर बसवलं आणि म्हणाली, “पाच वाजता नळाला पानी येतं गो. पोरी पानी भरतील का तुज्याकरं येतील?” मी कपाळावर हात मारला. वस्तीचा अभ्यास करायला आलेली बाई आणि वस्तीला पाणी कधी येतं याचा पत्ता नाही! सोनलच्या चाळीत पाणी सकाळचं यायचं, म्हणून ती एकटी मोकळी.

त्या बाईने मला तांदळाची भाकरी आणि सुका जवळा वाढला. वस्तीत कुणाकडे जेवायचं नाही असा आमच्या शिक्षणाचा दंडक आहे, म्हणून मी नको म्हणाले. तिने ताट मागे घेतलं, पण तिचा चेहरा उतरला. आमच्याकडच्या ज्वारीच्या भाकरीपुढे ती भाकरी किती मऊ दिसत होती! तिचा वास मला लेलेकाकूंच्या जिन्यापर्यंत पुरला.

दुसऱ्या दिवसापासून वेळ साडेसहा केली. पहिल्या दिवशी पाच आल्या, मग नऊ, मग बारा. प्रणाली आली म्हणून निम्म्या आल्या, हेही मला कळत होतं. हॉल भरला आणि माझा जीव भांड्यात पडला. आम्ही भेंड्या खेळलो, भांडणावर नाटुकलं केलं, कॉलेजच्या अर्जांची माहिती काढली. मुली मला ताई ताई करायच्या आणि आठ-साडेआठला एकमेकींच्या गळ्यात हात टाकून निघून जायच्या. मी सतरंजी झटकायची. सोनल थांबून सतरंजीचं दुसरं टोक धरायची. तिच्याकडे माझं लक्ष राहिलं नव्हतं, हे मी आज कबूल करते. ज्या आल्या नव्हत्या त्यांच्यामागे मी धावत होते, आणि ही तर आलेलीच होती.

बारा चिठ्ठ्या

आमच्या शिक्षणात एक पद्धत आहे. गटातल्या प्रत्येकीला कागद द्यायचा, वर स्वतःचं नाव लिहायला सांगायचं आणि खाली, आपल्याला जवळच्या वाटतात अशा दोघींची नावं. मग त्यावरून एक नकाशा काढायचा. प्रत्येक मुलीचं एक वर्तुळ, आणि जिने जिला निवडलं तिच्याकडे एक बाण. कुणाकडे किती बाण जातात त्यावरून गटाची वीण समजते. जिच्याकडे एकही बाण जात नाही तिला पुस्तकात ‘एकाकी’ म्हणतात. तिच्याकडे जास्त लक्ष द्यावं म्हणून हे सगळं करायचं. हेतू चांगलाच आहे.

तिसऱ्या आठवड्यात मी चिठ्ठ्या वाटल्या आणि विचारलं, समजा आपली सहल निघाली, तर बसमध्ये शेजारी कोण हवं? सहल खरंच आहे का, असं सोनलने विचारलं. मी म्हटलं, नाही गं, नुसती कल्पना करायची. तिने बराच वेळ घेऊन चिठ्ठी लिहिली आणि चार घड्या घालून दिली.

त्या संध्याकाळी लेलेकाकूंच्या जेवणाच्या टेबलावर मी नकाशा काढायला घेतला. काकूंनी कधी नव्हे ते स्वतःहून स्केचपेनं आणून दिली, नातवासाठी घेऊन ठेवलेली, न उघडलेली. बारापैकी अकरा चिठ्ठ्या सरळ होत्या. प्रणालीकडे सात बाण गेले. बाराव्या चिठ्ठीत गटाबाहेरचं नाव होतं, ते नियमात बसत नव्हतं, म्हणून मी लाल पेनाने त्यावर ‘बाद’ लिहिलं आणि ती फायलीत लावून टाकली. चिठ्ठी सोनलची होती. तिच्याकडे कुणाचा बाण आला नव्हता आणि तिचा बाण बाद, म्हणून तिचं वर्तुळ खालच्या कोपऱ्यात एकटंच राहिलं. त्याखाली मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘एकाकी’.

काकू चष्मा वर करून बघत होत्या. म्हणाल्या, “आमच्या सोसायटीचा असा काढलात, तर बाण पुरणार नाहीत असं नाही. उरतील.” आणि उठून आपल्या खोलीत गेल्या.

आता माझी चूक. असल्या नकाशात खरी नावं घालायची नाहीत, आकडे घालायचे, असं आम्हाला पहिल्याच वर्षी घोकून घेतात. मी नावं घातली. बाराच तर मुली आहेत, आकडे कोण लक्षात ठेवणार, कॉलेजला देताना बदलू, असं म्हणत घातली. वरून तो कागद गुंडाळी करून समाजमंदिराच्या कपाटात ठेवला, कारण काकूंच्या घरी तो चुरगळला असता. बाकीचे कोरे चार्टपेपरही तिथेच होते.

वागळे इस्टेट आणि माजिवडा

दर गुरुवारी मला वागळे इस्टेटला संस्थेच्या कार्यालयात वही दाखवायला जावं लागे. खाली वर्कशॉप, वर आमचं कार्यालय. खालचं मशीन एकसारखं दणके देत असायचं आणि टेबलावरचा चहा थरथरायचा. माझं काम बघायला गवळी सर होते, मितभाषी, वहीच्या कडेला हिरव्या पेनाने बारीक प्रश्न लिहिणारे. त्या गुरुवारी त्यांनी मला एका कामासाठी माजिवड्याला पाठवलं. तिथे पुलाखाली गाड्या अशा तुंबल्या होत्या की मी हात टेकले. कोपरला पोचायला सात वाजले.

मुलींनी हॉल उघडून काम सुरू केलं होतं. पोस्टर करायला म्हणून कपाटातले कागद काढले होते. एक गुंडाळी भरलेली निघाली. ती काय आहे म्हणून त्यांनी ती भिंतीवर लावली.

मी दारात पोचले तेव्हा सगळ्या नकाशासमोर उभ्या होत्या. कुणी हसत नव्हतं. हसल्या असत्या तरी बरं झालं असतं. सोनलने खालच्या कोपऱ्यातलं आपलं वर्तुळ वाचलं, बाण शोधत बोट कागदावर फिरवलं, मग पाण्याची बाटली उचलली, माझ्या बाजूने बाहेर आली आणि शांतपणे चपला घालून गेली. प्रणाली मागून म्हणाली, “ताई, आम्ही मुद्दाम नाय लावला.” मला ठाऊक होतं. मुद्दाम काढला होता तो मी.

दुसऱ्या दिवशी सोनल आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तिच्या घरी दोनदा गेले. आई दारातूनच म्हणायची, नाही घरात, क्लासला गेलीय. आत दोरीवर तिची ओढणी असायची. पुढच्या गुरुवारी मी गवळी सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “परत जा. पण जाण्याआधी ठरवा, तिला बरं वाटावं म्हणून जाताय की स्वतःला.” खालचं मशीन दणके देत होतं. पाच आठवड्यांतले आठ दिवस उरले होते. माझ्यामुळे एक मुलगी त्या हॉलचं दार कायमचं सोडते की काय, याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. वर्ष गेलं तरी चालेल, असंही मनात येऊन गेलं.

गच्ची

तिसऱ्यांदा गेले तेव्हा रविवार होता. या वेळी आई म्हणाली, गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेलीय, जा. गच्चीवरून खाडी दिसते, खारफुटीची हिरवी झाडी दिसते. सोनल चादरीची घडी घालत होती. मी चादरीचं दुसरं टोक धरलं. तिने ते ओढून घेतलं नाही.

मी माफी मागितली. शब्द आधी पाठ करून गेले होते, ते सगळे विसरले. म्हटलं, माझं चुकलं, नावं घालायला नको होती, तो शब्द लिहायला नको होता.

“मला कुणाचा बाण आला नाय, ते काय मला नवीन नव्हतं,” ती म्हणाली. “पण मी चिठ्ठी दिलेली ना, ताई. माझा बाण का नाय काढलात?”

मी म्हणाले, “गटातल्याच मुलींची नावं लिहायची होती गं. तू दोन्ही ओळींत ‘ताई’ लिहिलंस. ते नियमात बसत नाही, म्हणून बाद केली.”

खरं सांगायचं तर चिठ्ठी उघडली तेव्हा मला हसू आलं होतं. पोरगी मस्का मारतेय, असं मला वाटलं होतं.

सोनलने चादर कठड्यावर ठेवली. “तुम्ही बोललेलात ना, आपली सहल. म्हणजे तुम्ही पण बसमध्ये असणार. बाकी सगळ्यांच्या जोड्या आहेत. तुमच्या बाजूला कोण बसलं असतं? तुम्ही पण इकडे एकट्याच आहात ना.”

मी तिथल्या पाण्याच्या टाकीला टेकून बसले. एक महिना मी त्या शहरात कुणी आपल्याकडे बघत नाही म्हणून रडत होते. मेडिकलवाल्याकडे गोळ्या घेत होते. आणि सतरंजीच्या पलीकडच्या टोकाला गणितं सोडवणाऱ्या मुलीने ते पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवलं होतं, दोन ओळींत लिहून दिलं होतं, आणि मी त्यावर लाल पेनाने शेरा मारला होता. मला रडू आलं. ती अवघडली. असं मुलीपुढे रडणं आमच्या शिक्षणात अजिबात बसत नाही.

मग मी विचारलं, येशील का? शुक्रवारी माझा शेवटचा दिवस आहे.

ती म्हणाली, “तुम्ही गेल्यावर मी तिथे कुणाच्या बाजूला बसू?”

मी कठड्यावरची चादर तिच्या हातात दिली. ‘बघते’ म्हणून तिने कपडे उचलले.

शुक्रवार

सोमवारी मी मुलींसमोर नकाशा फाडला नाही. फाडणं फार सोपं होतं. तो अंथरला आणि सांगितलं की हा चुकीचा आहे. यात बारा वर्तुळं आहेत, हवी होती तेरा. एका बाईकडे एक बाण आला होता आणि तो तिने स्वतःच काढला नाही. मग मी त्यांना माझी सगळी कहाणी सांगितली. धपाट्याची, सर्दीच्या गोळीची, लिफ्टमधल्या आकड्यांची. शेवटी प्रणाली म्हणाली, “तुमचं नाव चालतं ते आम्हाला काय माहीत? तुम्ही सांगितलंच नाय.” तिच्या आवाजात चक्क राग होता. सोनलला बोलवा, असं मी म्हणाले नाही. मैत्री सांगून होत नाही, एवढं मला दहा वर्षांच्या बालवाडीने शिकवलंय.

शुक्रवारी प्रणालीच्या आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याचा डबा पाठवला. या वेळी मी दंडक मोडला. लेलेकाकू स्वतः चालत समाजमंदिरात आल्या, हातात लाडवांचा डबा, म्हणाल्या, बघावं म्हटलं कसला गट ते. आणि खुर्ची नको म्हणून सतरंजीवर बसल्या. आम्ही गोल करून जेवायला बसलो. माझ्या उजवीकडची जागा रिकामी होती. मी ती मुद्दाम ठेवली नव्हती, निदान तसं मी स्वतःला सांगत होते.

अर्धं जेवण झाल्यावर सोनल आली. दारात उभी राहून तिने सगळीकडे नजर फिरवली. माझ्याशेजारची जागा तिला दिसली. तेवढ्यात प्रणाली बाजूला सरकली, सतरंजीवर हात आपटून म्हणाली, “इकडे बस. आणि ते अर्धगोलाचं गणित मला समजलेलं नाय, ते आज सांगायचं.” सोनलने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती जाऊन प्रणालीशेजारी बसली.

मला फार आनंद झाला. वाईटही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, हे कुठल्या पुस्तकात नाही. माझ्या शेजारची जागा जेवण संपेपर्यंत रिकामी राहिली.

निघताना सोनलने सतरंजीचं दुसरं टोक धरलं. वस्तीतल्या मुलींना आपला नंबर द्यायचा नाही, हाही एक दंडक. मी तिच्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तो लिहून दिला आणि म्हटलं, शेजारी बसायला कुणी नसेल, तेव्हा फोन कर.

चार महिने झाले. मी सेलूला परत आले, परीक्षा झाली, पास झाले. गल्लीतल्या बायका रोज काही ना काही विचारतात आणि मी त्यांना न कंटाळता सगळं सांगते. लेलेकाकूंचा अधूनमधून फोन येतो. त्या सांगतात, समाजमंदिराचा दिवा साडेसहाला लागतो, गट चालू आहे. सोनलचा फोन आलेला नाही. तो न येणं म्हणजेच आमचं काम झालं, असं आम्हाला शिकवलंय, आणि ते मला पटतंही. फोनचा आवाज मात्र मी कधी बंद ठेवत नाही.